सर फक्त ऐकू येतील

व्याख्यान असलं की प्रभाकररावांचं पोट बिघडायचं. सकाळी नुसता कोरा चहा घेतलेला असो, की तोही घेतलेला नसो. ‘माणूस ठरवील ते करू शकतो’ हे लोकांना सांगायला निघायची वेळ झाली की त्यांना संडासाकडे धाव घ्यावी लागे. नालवाडीतल्या त्यांच्या भाड्याच्या घराचा संडास अंगणाच्या टोकाला होता. ओट्यावर शिवणयंत्र मांडून ब्लाउज शिवणाऱ्या रीताबाईंसमोरूनच तिकडे जावं लागे. टाय बांधलेला, बूट घातलेला नवरा हातात टमरेल घेऊन जाताना आणि येताना त्या बघत असत, पण यंत्राचं पायडल थांबवत नसत.

“अजून एक डाव?” त्या दिवशी त्यांनी विचारलं.

“हवामान बदललं ना, त्याच्यानं होते,” प्रभाकरराव म्हणाले.

“तुमच्या भाषनाच्या दिवशीच कसं बदलते बाप्पा हवामान?”

प्रभाकरराव टमरेल घेऊन चालते झाले. व्याख्यानाआधी नकारात्मक माणसांशी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आणि त्यांच्या हिशेबात घरात नकारात्मक माणूस एकच होतं.

खरं तर रीताबाईंचं नकारात्मक होणं काही एका दिवसात झालं नव्हतं. वर्ध्याच्या बाजारात प्रभाकररावांचं वडिलांच्या हातचं नॉव्हेल्टी स्टोअर्स होतं. बांगड्या, रिबिनी, पावडरचे डबे. ते त्यांनी आधुनिक करायला घेतलं आणि दोन दिवाळ्यांत बंद पडलं. मग काचेची केबिन टाकून एसटीडी बूथ काढला. बूथ चांगला चालायला लागला तोवर लोकांच्या खिशात मोबाइल वाजू लागले. त्यानंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून ते नागपूरला एका शिबिराला गेले. तिथे सूटबूट घातलेल्या एका माणसानं भरलेल्या हॉलकडून ‘मी करू शकतो’ असं ओरडून घेतलं. प्रभाकररावही ओरडले. ओरडून घसा बसला, पण डोक्यात उजेड पडला. काय करू शकतो ते कळलं नव्हतं. पण हे ओरडून घेणं आपण नक्की करू शकतो, एवढं कळलं होतं. परत आल्यावर त्यांनी कार्डं छापली. ‘प्रभाकर सर, आत्मविश्वास मार्गदर्शक.’ तेव्हापासून ते गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात, बचत गटाच्या मेळाव्यात, जिथे बोलावतील तिथे जात. शुद्ध पुस्तकी मराठीतलं एकच भाषण त्यांनी पाठ केलेलं होतं. त्यात गरुड होता, समुद्र होता, वादळ होतं. बोलताना मात्र त्यांचे पाय लटपटत, म्हणून ते टेबलामागे उभं राहून बोलत.

त्या दिवशीचं व्याख्यान हिंगणीला होतं आणि ते नेहमीसारखं नव्हतं. हिंगणीचे खत-बियाण्यांचे व्यापारी बंडूजी यांनी गावात नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. लग्नाचा हंगाम यायचा होता, म्हणून उद्घाटनाला त्यांनी बचत गटाच्या बायांसाठी आणि बेकार पोरांसाठी आत्मविश्वास शिबिर ठेवलं. वर्ध्याहून सरकारी योजनांचे कोणी मोठे साहेब येणार होते. साहेबांना व्याख्यान आवडलं तर सबंध सेलू तालुक्यात प्रभाकररावांची शिबिरं लागतील, असं बंडूजींनी फोनवर सांगितलं होतं. प्रभाकररावांनी ते घरी येऊन तीनदा सांगितलं.

“तूबी चाल,” ते रीताबाईंना म्हणाले. “पुढच्या लाइनीत बसजो. वळखीचं मानूस दिसलं का मले जरा धीर येते.”

“तुमी लोकायले धीर द्याले चालले ना?”

“चाल म्हटलं तं चाल ना वो! दरवेळी काऊन वाद घालतं?”

रीताबाईंनी यंत्रावर कापड झाकलं, पातळ बदललं आणि त्या निघाल्या. नवऱ्याचं भाषण त्यांनी आजवर पुरतं कधी ऐकलं नव्हतं. घरात पाठ करताना जेवढं कानावर पडे तेवढ्यानंच त्यांचं पोट भरत असे.

हिंगणीला कार्यालयाच्या भिंतींना अजून ऑइलपेंटचा वास येत होता. बंडूजींनी हात धरून सगळं दाखवलं. हे पाहा स्वयंपाकघर, ही पाहा नवरीची खोली, अन् मागं हे संडास-बाथरूम, सगळं फरशीचं, दरवाजे लोखंडी. प्रभाकररावांनी फक्त शेवटची जागा नीट लक्षात ठेवली.

साहेब उशिरा आले. मग दीप लावला, नारळ फुटला, हार झाले आणि बंडूजी प्रास्ताविकाला उभे राहिले. हॉलमध्ये समोर बाया बसल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात गटाच्या अध्यक्ष वच्छलाबाई आणि त्यांच्या शेजारी रीताबाई. मागे दाराशी पोरं उभी होती. व्यासपीठावर बसलेल्या प्रभाकररावांच्या पोटात गरुड फिरायला लागला. त्यांनी थोडा वेळ दम धरला. मग ते बंडूजींच्या मागे जाऊन कुजबुजले, “दोन मिनिटं.” बंडूजींना वाटलं, दोन मिनिटांत आटपा म्हणतो आहे. त्यांनी रागानं भाषण आणखी लांबवलं. प्रभाकररावांच्या ते पथ्यावरच पडलं. ते मागच्या दारानं निघाले.

काम झालं. पोट हलकं झालं, अंगावरचा काटा गेला. त्यांनी हात धुतले, टाय सारखा केला आणि कडी ओढली. कडीची मूठ त्यांच्या हातात आली. कडी होती तिथेच राहिली.

प्रभाकररावांनी मूठ परत बसवून पाहिली. ती बसेना. बोटांनी कडी सरकवून पाहिली, बोटं सोलली. खांदा लावला, दरवाजा लोखंडी होता. वर वीतभर उंचीचा झरोका होता, त्यात आडव्या काचा. त्यातून एक मांजर गेलं असतं. एवढ्यात बाहेर छपरावर बांधलेल्या भोंग्यातून बंडूजींचा आवाज आला, “आज आपल्याला असे मार्गदर्शक लाभले आहेत, की जगात असा दरवाजाच नाही, जो प्रभाकर सरांनी उघडला नाही!”

हे वाक्य प्रभाकररावांनीच आपल्या परिचयात लिहून दिलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. शिबिरात ते लोकांना शिकवत तसं, दरवाजा उघडला आहे आणि आपण बाहेर पडतो आहोत असं चित्र मनासमोर आणलं. चित्र छान आलं. त्यात ते व्यासपीठावर गेलेसुद्धा. डोळे उघडले तेव्हा दरवाजा बंदच होता. भोंगा म्हणत होता, “तर मी सरांना विनंती करतो...” टाळ्या सुरू झाल्या, बराच वेळ वाजल्या, पातळ झाल्या आणि थांबल्या. भोंग्यानं पुन्हा विनंती केली. मग भोंग्यातून बंडूजींचा दबका आवाज आला, “अबे, सर कुठी गेले?”

कुठे गेले असतील हे त्या हॉलमध्ये एकट्या रीताबाईंना कळलं. त्या उठून मागे आल्या.

“आतमंदी हाय का तुमी?”

“हळू बोल,” आतून आवाज आला.

“काऊन?”

“कडी तुटली.”

“मंग आवाज काऊन नाई देल्ला?”

“अवं, मी लोकायले काय सांगाले आलो हे मालूम हाय ना तुले? अन् मी इथून वाचवा वाचवा म्हनून वरडू?”

 मग प्रभाकररावांना पदर तोंडात धरून दाबलेलं हसू ऐकू आलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत रीताबाई त्यांच्यामुळे हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“हासू नको. बंडूजीले बलाव. गुपचूप.”

बंडूजी आले. त्यांच्या मागून लाउडस्पीकरवाला गोपाल आला. बंडूजींनी बाहेरून दरवाजा हलवून पाहिला.

“तोडा ना भाऊ,” प्रभाकरराव म्हणाले.

“तोडा?” बंडूजींना धक्काच बसला. “सर, काल रंग वाळला याचा. आज उद्घाटन, अन् आजच दरवाजा तोडू? उद्या लग्नवाले काय म्हनतीन? सेलूहून वेल्डिंगवाल्याले बलावतो ना मी. येईन थो.”

“कवा येईन?”

“येईन जेवनापर्यंत.”

“अन् साहेब?”

साहेबांचाच प्रश्न होता. साहेबांना पुढे आर्वीला जायचं होतं आणि ते एकसारखे घड्याळ पाहत होते. व्याख्यान ऐकल्याशिवाय ते गेले तर तालुक्यातली शिबिरं गेली, आणि बंडूजींच्या मनात त्या सगळ्या शिबिरांचे हॉल आणि जेवणं होती. तोडगा काढला गोपालनं. तो काडी चघळत म्हणाला, “सर बाहेर येत नसतीन तं माइक अंदर जाऊ शकते.”

झरोक्याची एक काच काढली. वायरला धरून माइक आत सोडला. प्रभाकररावांनी तो झेलला आणि ते काही बोलायच्या आत भोंग्यातून बंडूजी दुसऱ्या माइकवर सांगू लागले होते, “बंधुभगिनींनो, आज सरांनी एक नवीन पद्धत आणली आहे. आपण माणसाकडे पाहतो आणि विचार हरवतो. म्हणून आज सर दिसणार नाहीत. सर फक्त ऐकू येतील!”

टाळ्या पडल्या. रीताबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

प्रभाकररावांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून सुरुवात केली. आणि काय नवल, पाय लटपटले नाहीत. समोर कोणी नव्हतंच लटपटायला. फरशीमुळे आवाज असा घुमत होता की भोंग्यातून परत येणारं आपलं बोलणं ऐकून त्यांनाच भारावल्यासारखं झालं. गरुड झाला. समुद्र सुरू झाला. “मित्रहो, वादळाला घाबरणारा नावाडी कधीही...” एवढ्यात डोक्यावरचा बल्ब विझला आणि भोंगा मुका झाला.

भारनियमनाचे दिवस होते. हिंगणीत त्या वेळेला लाइन जायचीच. गोपालला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी जोडून तयार ठेवली होती. तिच्यावर बाहेरचा भोंगा आणि हॉलमधला स्पीकरचा डबा दोन्ही चालणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यानं भोंग्याची वायर काढली आणि डबा चालू ठेवला. संडासातल्या माणसाला हे सांगावं, हे मात्र कोणाला सुचलं नाही.

“हॅलो,” प्रभाकरराव म्हणाले. “हॅलो, हॅलो. गेली लाइन.”

हॉलमध्ये हे सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं. लाइन गेल्याचं सगळ्यांना माहीत होतंच. सगळे पुढचं ऐकायला थांबले.

प्रभाकररावांनी टाय सैल केला. अंधारात एकट्या माणसाला स्वतःशी बोलायची सवय असते. त्यात त्यांच्या हातात माइक होता आणि तो तोंडाजवळ धरायची त्यांना आता सवय झाली होती.

“आत्मविश्वास म्हने!” ते म्हणाले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. “कायचा डोम्बल्याचा आत्मविश्वास? इथं कडी उघडून नाई राह्यली. हा बंडूजी. येवढं कार्यालय बांधलं अन् कडी आनली बजारातली सगळ्यात फालतू. जो मानूस कडीत असा करते, थो खतात काय करत असंल? माती मिसळत असंल, दुसरं काय.”

हॉलमध्ये दाराशी उभ्या असलेल्या कास्तकारांच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बंडूजींनी गोपालला हातानं खूण केली, बंद कर. गोपाल मशीनवर वाकला आणि बरीच बटणं फिरवून म्हणाला, “सापडून नाई राह्यलं भाऊ.”

“अन् थो साहेब! मी सुरूबी नव्हतो झालो तं मान टाकून देल्लती त्यानं. त्याच्या भरोशावर तालुकाभर शिबिरं! अन् या बाया. यायले सांगून का होते? घरी जातीन, सैपाक करतीन, भांडे घासतीन. यायले कोनी करू देल्लं तं करतीन ना काई! तिथं मी गरुड उडवून राह्यलो.”

वच्छलाबाईंनी मान हलवली. बाकीच्या बायांनीही हलवली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट पटली होती.

“मले तरी का जमलं म्हना. दुकान बुडवलं. बूथ बुडवला. जमनार नाई हे मले दरवेळी पयलेच मालूम राहे. तरी करो मी. मी बसलो असतो चूप, तं रीतानं केलं असतं.” अंधारात प्रभाकररावांनी सुस्कारा सोडला. तो डब्यातून वाऱ्यासारखा आला. “अन् तिले जमलं असतं ना! तिच्या हातात हाय ते. सेलूच्या शिवनशाळेतून अण्णाजी आला होता, शिकवाले बाई म्हनून पाठवा म्हने त्याह्यले. ती माहेरी गेलती. मी सांगतलं, तिले नाई जमत, भल्ली भित्री हाय ती. गेला थो. तिले पत्ताच नाई अजून. सांगतलं असतं तं गेली असती. गेली असती तं करून दाखवलं असतं. मंग मी आत्मविश्वास कोनाले शिकवला असता? तिले?”

यावर ते थोडं हसले. मग पोट पुन्हा गुरगुरतंय का याचा त्यांनी अंदाज घेतला. गुरगुरत नव्हतं. आज पोट एकदम ठीक होतं. त्यांना बरं वाटलं, तेही त्यांनी बोलून दाखवलं.

तेवढ्यात बाहेर धावत येणाऱ्या पावलांचा आवाज झाला. वेल्डिंगवाला आला, असं वाटून प्रभाकरराव बादलीवरून उठले. “खतात माती?” असा आवाज आला आणि दरवाजावर लाथ बसली. दुसऱ्या लाथेला कडी निखळली, तिसऱ्या लाथेला बिजागरी गेली आणि कालच रंग वाळलेला तो लोखंडी दरवाजा आत भिंतीवर जाऊन आदळला. दारात धापा टाकत बंडूजी उभे होते. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे बाया, बायांच्या मागे पोरं, आणि पोरांच्या खांद्यावर पोरं. सगळ्या हिंगणीनं प्रभाकर सरांना डोळे भरून पाहिलं.

“लाइन आली काय?” प्रभाकररावांनी विचारलं. त्यांचा हा प्रश्न हॉलमधल्या डब्यातून दुरून ऐकू आला. तेव्हा त्यांना कळलं.

गोपाल गर्दीतून पुढे आला. “माइक देता काय सर? चालू हाय अजून.”

साहेब घड्याळ पाहत वळले. गाडीत बसले आणि आर्वीला निघून गेले. वच्छलाबाई मात्र जाता जाता म्हणाल्या, “सर, भाषन चांगलं झालं. पयलं नाई. दुसरं.”

प्रभाकरराव मान वर करून त्या गर्दीत एकच चेहरा शोधत होते. तो तिथे नव्हता. रीताबाई रिकाम्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत, डब्यासमोर बसून होत्या.

जेवणाला बंडूजींनी प्रभाकररावांना थांबा म्हटलं नाही. ते बस स्टॉपवर जाऊन बसले. रीताबाईंना बायांनी जाऊ दिलं नाही. त्या पंगतीत बसून पोटभर जेवल्या आणि पान खाऊन आल्या. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. 

“कवा आला होता थो अण्णाजी?” सेलूच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्यांनी विचारलं.

“आता आठवते काय मले? लय वर्ष झाले. पोट्टी लहान होती आपली.”

“पोट्टीचं लगन झालं.”

“अवं, रागात मानूस काईबी बोलते.”

“रागात नव्हते तुमी,” रीताबाई म्हणाल्या. “आरामात बसून बोलून राह्यले होते.”

प्रभाकररावांनी थोडा वेळ विचार केला. विपरीत परिस्थितीतून संधी शोधायची, हे त्यांनी कितीतरी लोकांना शिकवलं होतं. ते म्हणाले, “तसं पाह्यलं तं मी तुही तारीफच केली. अख्ख्या गावासमोर. कोनता नवरा करते सांग बरं?”

रीताबाई त्यांच्याकडे वळल्या, नीट पाहिलं आणि परत खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्या पाहण्यात राग असता तर प्रभाकररावांना बरं वाटलं असतं. रागावर त्यांच्या भाषणात एक अख्खा परिच्छेद होता.

दुसऱ्या दिवशी रीताबाई सकाळच्या बसनं एकट्याच सेलूला गेल्या. शिवणशाळा केव्हाच बंद पडली होती. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. अण्णाजी थकले होते, घराच्या ओसरीवर बसून होते. त्यांना सगळं आठवत होतं. ते म्हणाले, “बाई, तुमची लय वाट पाह्यली आमी. तुमच्या हातचं काम पाह्यलं होतं मी. पन तुमच्या मालकानं सांगतलं, तुमाले चार लोकांत उभं राह्याची भीती वाटते. मंग दुसरी बाई ठेवली. तिले काई येत नव्हतं. शाळा बुडाली.”

रीताबाईंनी त्यांच्या सुनेच्या हातचा चहा घेतला. आता घरी येऊन त्या रडतील, असं प्रभाकररावांना वाटलं. पण त्या दिवेलागणीपर्यंत घरी आल्याच नाहीत. त्या तशाच पुढे हिंगणीला वच्छलाबाईंकडे गेल्या होत्या.

बायांच्या गटाला काहीतरी काम सुरू करायचंच होतं. काय, ते ठरत नव्हतं. आता ठरलं. जागा हवी होती, ती बंडूजींनी दिली. खतात माती असल्याची बातमी तोवर बोर धरणापर्यंत पोचली होती, गिऱ्हाइकं सेलूला जाऊ लागली होती, आणि गावात चांगलं नाव होईल असं काहीतरी करणं बंडूजींना भागच होतं. नवरीची खोली लग्नाच्या दिवसांखेरीज रिकामीच असे. तिथे रीताबाईंचा शिवणवर्ग बसला. आधी गटाच्या बाया आल्या, मग त्यांच्या पोरी. मग शाळेच्या गणवेशांचं काम आलं, मग लग्नवाल्यांनी नवरीची पोलकी तिथेच टाकायला सुरुवात केली. चार लोकांत उभं राहायची भीती रीताबाईंना वाटली की नाही, हे कोणी विचारलं नाही. त्यांना उभं राहायला वेळच नव्हता, त्या यंत्रावर बसलेल्या असत.

प्रभाकररावांना मात्र बोलावणी येत राहिली, पण वेगळी. “सर, थे संडासातलं भाषन द्या ना,” असं लोक सांगत. आधी ते चिडले. मग धंदा म्हणून केळझरला त्यांनी कबूल केलं. तिथे ते उभे राहिले, समोर माणसं पाहिली आणि पाय लटपटले. तोंडातून गरुडच बाहेर पडला. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पोरं मागून ओरडली, “सर, शिव्या द्या ना कोनाले!” प्रभाकररावांना एकही शिवी आठवली नाही. वर्ध्याला परतताना त्यांनी उरलेली कार्डं पिशवीच्या तळाशी घातली.

त्यानंतर ते एक नवीन गोष्ट सांगू लागले. बाजारात, बस स्टॉपवर, जुन्या ओळखीच्या माणसाजवळ. “आमच्या मिसेसचा क्लास पाह्यला काय हिंगणीले? तिले मीच उभं केलं. मले पयलेपासून विश्वास होता तिच्यावर.” समोरचे मान डोलवत. ही गोष्ट खोटी आहे असं कोणी त्यांना म्हटलं नाही. हळूहळू त्यांनाही ती खरी वाटायला लागली आणि पोटाची तक्रार पार गेली.

एक दिवस, लग्नसराईचं काम अगदी जोरात असताना, ते सकाळच्या बसनं हिंगणीला गेले. न बोलावता. नवरीच्या खोलीत पोरी ओळीनं बसून काम करत होत्या. मधोमध जमिनीवर लाल कापड अंथरलेलं होतं आणि रीताबाई गुडघ्यावर बसून, खडूच्या रेघेवरून कात्री चालवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पोरींनी पाहिलं. कामं थांबली. प्रभाकररावांना ते ओळखीचं वाटलं. समोर माणसं होती, त्यांची तोंडं आपल्याकडे होती. आणि पाय लटपटत नव्हते, कारण ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

“पोरींनो,” त्यांनी सुरुवात केली, “या तुमच्या बाईंकडे पाहा. यांना वाटत होतं, मला जमणार नाही. पण मी त्यांना म्हणालो...”

“सरका जरा,” रीताबाई म्हणाल्या. “उजेड अडून राह्यला.”

आवाजात काही नव्हतं. शेजारणीला म्हणावं तसं त्या म्हणाल्या. पोरी हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या आणि यंत्रं पुन्हा चालू झाली.

प्रभाकरराव सरकले. कापडावर ऊन पडलं, खडूची रेघ स्पष्ट दिसू लागली आणि कात्री पुढे गेली. ते थोडा वेळ भिंतीशी उभे राहिले. मग बाहेर मांडवाचे बांबू उतरत होते तिथे गेले आणि बांबू उतरवणाऱ्या माणसाला विचारू लागले, वर्ध्याची बस आता कवा हाय?